पाहिल्याची तारीख

तळटीप त्रेचाळीस. तिथं नुसता एक दुवा,
निळा, अडीच ओळींचा,
टक्केचिन्हांनी आणि आकड्यांनी बरबटलेला.
"एवढं पुरेल ना?" ब्रेना डर्डल विचारते.
बाहेर सेंट जॉन्सवर धुकं इतकं खाली
की बंदराचा भोंगा माझ्या टेबलावर ठेवल्यासारखा वाजतो.

नाही पुरत, बाई.
अठ्ठावीस वर्षं या ग्रंथालयात मी हेच सांगत आले:
कोणी लिहिलं, कधी लिहिलं, नाव काय दिलं,
आणि तू कधी पाहिलंस.
उसनं आणलंस ना, मग कोणाच्या घरून
ते तरी सांग.

ती टिचकी मारते.
पान नाही.

"काल होतं," म्हणते. मग, "परवा."
मग, "मार्चमध्ये तर नक्की होतं."
म्हणून तर तारीख मागतात, मी म्हणते,
आणि माझाच आवाज मला मास्तरणीचा वाटतो.
कपाटातलं पुस्तक ठेवलं तिथं राहतं.
हे सगळं पाण्यावर.

पाण्यावर. तिच्या प्रबंधाचा विषयच तो:
गनर्स टिकल, पासष्ट साली उठवलेलं गाव.
माणसांनी घरांखाली ओंडके सारले,
कडेनं रिकामी पिंपं बांधली
आणि भरती साधून घरंच्या घरं ओढत नेली पलीकडे,
खिडक्यांचे पडदेही न काढता.
तेव्हा पत्ता बदलला, घर तेच राहिलं.
इथं पत्ता तोच आहे.

जुन्या पानांच्या साठ्यात शेवटी एक प्रत सापडते,
अकरा नोव्हेंबरला कुणा यंत्रानं उचललेली,
फोटोंच्या जागी राखाडी चौकोन.
शीर्षक: आमची नऊ घरं. खाली ए. एच.
कधी लिहिलं, पत्ता नाही.
मग 'तारीख नाही' असं लिही, मी सांगते,
जागा कोरी सोडू नकोस.
माहीत नाही, हेसुद्धा सांगावं लागतं.

पानाच्या तळाशी एक फोन नंबर.
सातव्या घंटीला कुणीतरी उचलतं.

"अझराया गेला फेब्रुवारीत. मी टर्झा, बहीण.
दोन बोटांनी बडवत बसायचा हिवाळाभर.
कसलंसं बिल यायचं त्याचं, अठरा डॉलर,
मला वाटलं केबलचं. नाही भरलं.
आणि हे बघ पोरी, नऊ नव्हेत. पोचली ती आठ.
नववं आमचं. मधोमध कललं
आणि गेलं. आईची शेगडी आत, अजून कोमट.
अझराया मात्र ते मोजतच राहिला."

ठेवताना म्हातारी दुवा देते,
टिचकीचा नव्हे, तोंडचा:
तुझं शीड भरलेलं राहो.

ब्रेना बराच वेळ पेनाचं टोपण चावते.
"मग काय लिहू? नऊ की आठ?"
पान नऊ म्हणतं, तर पानाच्या नावावर नऊ.
मेलेल्याच्या तोंडी आठ घालायचं नाही.
"आणि तिचं?"

त्यालाही नियम आहे. असतोच.
फोनवरचं बोलणं संदर्भसूचीत जात नाही,
कारण शोधत गेलेल्याला ते पुन्हा मिळायचं नाही.
ते मजकुरातच, कंसात.
ती हळूहळू टाइप करते
(टर्झा हाइन्स, वैयक्तिक संवाद, ४ मे)
आणि पडद्याकडे बघत राहते.
दोन वाकलेल्या भिंती, आत एक बाई.

सूचीत मग अझराया, आडनाव आधी:
हाइन्स, ए. तारीख नाही. आमची नऊ घरं.
साठ्यातला लांबलचक पत्ता.
पाहिलं: ४ मे.

ती गेल्यावर टेबलावरच्या वहीत मी नोंद करते,
रोजच्यासारखी. प्रश्न: एक. वेळ: पाऊण तास.
उत्तराच्या रकान्यात
आधी 'आठ' लिहिते,
मग खोडते.